बारा अक्षरे भरली, तरी ओळ अडते

प्रश्न : भुजंगप्रयात वृत्तातल्या माझ्या या दोन ओळी पाहाल का? ‘तळ्याच्या जळाशी उभी सांज राहे / दिवा सिद्धरामाच्या दारात आहे’. दोन्हींत बारा अक्षरे आहेत, तरी दुसरी म्हणताना अडते. पुढच्या कडव्यात ‘पाणी’ला ‘जुनी’ हे यमक चालेल का? आणि एका कडव्याची सुरुवात ‘पुन्हा पुन्हा’ अशी करायची आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिली ओळ सुरेख आहे, तिला हात लावू नका. दुसरीत अक्षरे बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. भुजंगप्रयातात ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) चारदा येतो, म्हणजे लघु-गुरु-गुरु असे चार वेळा. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, त्याची मात्रा एक; गुरू म्हणजे दीर्घ, त्याच्या दोन; म्हणून ओळीच्या मात्रा 20. ओळ तीन-तीन अक्षरांनी तोडा : दि वा सि, द्ध रा मा, च्या दा रा, त आ हे. सातवे अक्षर लघु हवे, तिथे ‘च्या’ हा गुरू बसला आणि मात्रा 21 झाल्या. ‘दिवा सिद्धरामापुढे शांत आहे’ असे करून पाहा. ‘पु’ लघु, ‘ढे’ गुरू, ओळ लगेच वाहू लागते. षष्ठीचा ‘च्या’ नेहमीच गुरू असतो. नवशिक्यांच्या कितीतरी ओळी तिथेच अडतात.

जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू हा नियम मात्र डोळे मिटून लावू नका. ‘सिद्ध’मध्ये ‘सि’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तळ्याच्या’तल्या ‘त’वर येत नाही, म्हणून तो लघूच. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांचेही तसेच. शंका आली की शब्द मोठ्याने उच्चारा, निवाडा कानाचा.

आता ‘पुन्हा पुन्हा’. त्याचा क्रम लघु-गुरु-लघु-गुरु, त्यामुळे तिसऱ्याच अक्षराला वृत्त मोडते. ‘पुन्हा ती, पुन्हा ती’ म्हणा, पुनरुक्ती राहते आणि दोन ‘य’ गणही भरतात. पण ती पुनरुक्ती काढून ओळ वाचा. अर्थाला काहीच उणे पडत नसेल, तर ती नुसती भरती आहे.

‘पाणी–जुनी’ नको. न-ण वेगळे आहेतच, पण खरी खोट आधीच्या स्वरात आहे : एकीकडे ‘आ’, दुसरीकडे ‘उ’. ‘राहे–आहे’मध्ये तो स्वर जुळतो. ‘पाणी’ला ‘गाणी’, ‘कहाणी’ घ्या.

प्रश्न : लावणीचेही गण पाडावेत का?

उत्तर : नाही. तुमच्या सोलापूरच्याच शाहीर राम जोशींची लावणी घेतलीत तरी तिथे मात्रा आणि ताल पाहायचे. ठेका धरून म्हणा, टाळी कोणत्या अक्षरावर पडते तिथे खूण करा आणि दोन टाळ्यांमधल्या मात्रा मोजा.