सांगलीच्या उन्हात कारच्या काचांना कोणती फिल्म लावावी?

गडद फिल्मच्या मागे लागू नका. काच काळी म्हणजे गाडी गार, असं नसतं. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येते आणि ती चांगली सिरॅमिक फिल्म (सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेली) जवळपास पारदर्शक राहूनही अडवते. दुकानात हीट लॅम्पसमोर नमुना धरायला सांगा, मागे तळहात ठेवा. फरक लगेच कळतो.

आता कायदा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी घातली, त्यामुळे पोलीस आजही अडवतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा. म्हणून खर्चाआधी आरटीओत विचारा. तोवर विश्रामबागला गाडी उन्हात लावताना पुढच्या काचेला चकाकता सनशेड लावा, स्टिअरिंग तरी हातात धरवेल.