डिझेलमधलं गंधक काढायला आधी गंधकच का?

प्रश्न : काका, माझा मुलगा कंत्राटदाराकडून रिफायनरीच्या शटडाऊनला जातो, कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) बदलायच्या कामाला. त्याने दोन बाटल्या घरी आणल्यात. एकीत निळसर कांड्या, दुसरीत काळ्या. म्हणतो, माल एकच, निळा नवा नि काळा वापरलेला. डिझेलमधलं गंधक काढायला आधी त्या निळ्याला गंधक पाजतात म्हणे. माझी फिरकी तर घेत नाही ना? आणि या कामाला तोंडावर हवेची नळी कशाला?
– एक आई, कळवा

उत्तर : फिरकी नाही ताई, पोरगा खरं बोलतोय. पण त्या बाटल्या आधी साइटवर परत पाठवा. वापरलेला कॅटॅलिस्ट कायद्याने घातक कचऱ्यात मोडतो, आणि कोबाल्टची भुकटी घरात नकोच.

निळी कांडी म्हणजे सच्छिद्र ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड), त्यावर मोलिब्डेनम नि कोबाल्टचे ऑक्साइड. निळाई कोबाल्टची. रिॲक्टरमध्ये, म्हणजे जिथे डिझेलमधलं गंधक काढतात त्या मोठ्या टाकीत, भरल्यावर हायड्रोजनबरोबर डीएमडीएस नावाचं द्रव सोडतात, सडक्या कोबीसारख्या वासाचं. त्यातलं गंधक ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनची जागा घेतं, ऑक्साइडचं सल्फाइड होतं नि कांडी काळी पडते. रबाळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम निघालं की शेजारच्या गाळ्यातली माणसं नाकाला रुमाल लावून गॅस गळतोय का विचारायला यायची. घाई मात्र चालत नाही. गंधक पोचायच्या आत गरम हायड्रोजन लागला तर ऑक्साइडचा नुसता धातू होतो, आणि तो मग गंधक नीट घेत नाही.

आता गंधकच का? प्लॅटिनमसारख्या धातूला गंधक बाधतं, तो लवकरच निकामी होतो. सल्फाइड मुळातच गंधकाचं, त्याला काय बाधणार? मोलिब्डेनम सल्फाइड थराथरांचं असतं. गॅरेजमधल्या काळ्या मॉली ग्रीसमध्ये हेच असतं. थराचा सपाट भाग जवळजवळ निष्क्रिय, खरं काम कडेला. हायड्रोजन तिथला गंधकाचा अणू उचलून नेतो, रिकाम्या जागी डिझेलमधल्या रेणूचं गंधक येऊन चिकटतं आणि उरलेला रेणू सुटून जातो. कोबाल्ट कडेला बसून गंधकाची पकड सैल करतो. डेन्मार्कमधल्या ऑर्हसच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली या थरांचे त्रिकोणी कण सूक्ष्मदर्शकात पाहिले, कडेचा एकेक अणू दिसेल इतके स्पष्ट. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात देखणं काम ते.

शेवटचं थोडंसं गंधक फार चिवट. काही रेणूंत गंधकाच्या दोन्ही अंगांना मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे पुंजके) अडून बसतात, त्याला कडेपर्यंत पोचूच देत नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा नि इंधनाचा नियम आला, किलोभर डिझेलमध्ये 10 मिलिग्रॅमच गंधक चालतं. आधी 50 होतं. तेव्हापासून या रेणूंनाही सोडून चालत नाही.

राहिली नळी. वापरलेल्या काळ्या मालाला हवा लागली की तो आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून तो काढायला माणूस आत उतरतो तेव्हाही रिॲक्टर नायट्रोजनने भरून ठेवतात, नि श्वासाची हवा नळीतून बाहेरून देतात. नायट्रोजनला ना वास, ना रंग. प्राणवायू नसलेल्या त्या हवेत दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, जीव घाबरायलाही वेळ मिळत नाही. लेकाला विचारा : नळी बंद पडली तर अंगावर राखीव हवेची बाटली असते का? रिॲक्टरच्या तोंडाशी त्याच्यावर सतत नजर ठेवणारा माणूस असतो का? यातलं एक जरी नसेल, तर त्या दिवशी आत उतरू नकोस म्हणावं, मुकादम कितीही घाई करो.