वाचकांचे प्रश्न : पदवीनंतर स्पीच थेरपीकडे

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं आहे. लहान मुलांसोबत काम करायची आवड आहे, म्हणून स्पीच थेरपिस्ट व्हायचं ठरवलंय. थेट एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल का? की सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही गोष्टी होणार नाहीत, आणि हे फी भरण्याआधी कळलेलं बरं. वाचा-भाषा विषयातल्या एम.एस्सी.साठी आधी बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, ही पदवी लागते. तीन वर्षं अभ्यास आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. तिथला प्रवेश तुमच्या बी.ए.वर नाही, बारावीच्या विषयांवर ठरतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला जीवशास्त्र किंवा गणितासारखा विषय असेल, तर पदवीनंतरही अर्ज करता येतो. मात्र चार वर्षं नव्यानं द्यावी लागतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, शेजारच्या कर्नाटकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, असे पर्याय आहेत. महाविद्यालय कोणतंही असो, या अभ्यासक्रमांवर आणि व्यवसायावर देखरेख करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी चालू आहे ना, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.

बारावी कला शाखेतून झाली असेल तर हा रस्ता बंद आहे. मग मानसशास्त्रातच पुढे जाऊन पुनर्वसन मानसशास्त्राकडे वळा, किंवा कर्णबधिर मुलांच्या विशेष शिक्षणाचा विचार करा. मुलांसोबतचं काम तिथंही भरपूर आहे.

ऑनलाइन प्रमाणपत्राविषयी कडक बोलणं भाग आहे. १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. कलम १३ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. पण खरं नुकसान मुलाचं होतं. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर पहिली पायरी श्रवणतपासणी. अपुरं शिकलेला माणूस ती न करता ‘बोल, बोल’ म्हणून चित्रं दाखवत बसतो, ऐकू न येणाऱ्या मुलाचे महिने वाया जातात, आणि भाषा शिकण्याचा तो काळ परत मिळत नाही.

प्रश्न : बीएएसएलपीच्या तिसऱ्या वर्षात आहे. पुस्तकं इंग्रजी, पेशंट मराठी. इंटर्नशिपआधी नेमकी कशाची तयारी करू? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : कानाची. इंग्रजी उच्चारचाचणीत ळ नाही, ण नाही, घ, ध, भ नाहीत. तिचं नुसतं भाषांतर करून मराठी मूल तपासलं तर बरेच दोष हाती लागत नाहीत. ‘चार’ आणि ‘चांगला’ यांतले दोन वेगळे च आयपीएमध्ये (आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत) न अडखळता लिहिता येईपर्यंत सराव करा. रोज पाच मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून काढा, दुसऱ्या दिवशी तेच आधीचं न पाहता पुन्हा लिहा आणि दोन्ही ताडून पाहा. जिथं फरक पडतो तिथं तुमचा कान कच्चा आहे.

मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं तर लगेच दोष लिहू नका. आजी घरी काय म्हणते ते विचारा. घरात सगळेच ‘पानी’ म्हणत असतील तर ती त्या घरची बोली आहे, आणि तिच्यावर उपचार करणं चूक आहे. ‘काका’चं ‘ताता’ होत असेल तर गोष्ट वेगळी. क शब्दाच्या सुरुवातीला बदलतो की मध्येही, आणि आरशासमोर दाखवल्यावर नक्कल जमते का, हे नोंदवा. नक्कल जमत असेल तर उपचाराची सुरुवात पुष्कळ सोपी होते.

आवाजाचं विश्लेषण करायचं असेल तर रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, घ्या. अनेक फोन आवाज दाबून साठवतात, त्यामुळे बारीक मोजमापं बिघडू शकतात. माइक ओठांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर आणि जरा बाजूला ठेवा, नाहीतर प-भ म्हणताना श्वासाचा झोत थेट आदळतो. पंखा बंद हवा. प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फॉर्मंटची (स्वरांना ओळख देणाऱ्या अनुनादांची) कमाल मर्यादा स्त्रियांसाठी ५५०० आणि पुरुषांसाठी ५००० हर्ट्झ ठेवतात. मूळची ५५०० न बदलता पुरुषाचा आवाज मोजला की आकडे चुकू शकतात. मुलांसाठी मर्यादा आणखी वर न्यावी लागते.

इंटर्नशिपमध्ये मुलांच्या ओपीडीतच अडकून राहू नका. पक्षाघाताचे, घशाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहा. गिळण्याचे प्रश्न तिथंच शिकायला मिळतात. ठसका लागत नाही म्हणजे गिळणं सुरक्षित आहे, हा समज घातक आहे. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही.

प्रश्न : अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट व्हायचं तर इथली बीएएसएलपीची इंटर्नशिप धरतात का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : थोड्याच प्रमाणात. तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेच्या (आशा) प्रमाणपत्रासाठी ४०० क्लिनिकल तास लागतात : २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष कामाचे. त्यातले ३२५ पदव्युत्तर शिक्षणातच व्हावे लागतात, म्हणजे पदवीचे फार तर ७५ चालतात. पुढे प्रॅक्सिस या पात्रता परीक्षेत किमान १६२ गुण, आणि नंतर किमान ३६ आठवड्यांची, १२६० तासांची फेलोशिप, म्हणजे मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचं काम. इथले तास विभागवार लिहून पर्यवेक्षकाची सही त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी त्या सह्या मिळवणं फार अवघड जातं.