वर कोण जाणार, खाली कोण येणार?

हंगाम संपत आला की क्लब क्रिकेट लीगच्या समित्यांमध्ये आणि ड्रेसिंग रूममध्ये एकाच विषयावर वाद पेटतो : बढती आणि घसरण. बरीच वर्षं लीगचं वेळापत्रक आणि गुणतालिका सांभाळल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. यावेळी आलेल्यांपैकी सहा प्रश्न घेतो आहे.

प्रश्न : आमच्या लीगमध्ये २० संघ आहेत. आजवर सगळे एकाच गटात होते. आता दहा-दहाच्या दोन डिव्हिजन करायच्या आणि दर वर्षी तीन संघ वर, तीन खाली, असा प्रस्ताव आहे. मला तीन जास्त वाटतात.

मलाही वाटतात. पण आधी सामने मोजा. दहाच्या गटात प्रत्येकाशी दोनदा खेळलात तर १८ सामने होतात, एकदाच खेळलात तर ९. नऊ सामन्यांच्या हंगामात दोन सामने पावसात गेले, एका सामन्याला कर्णधार आजारी पडला आणि एक नाणेफेक भलत्या दिवशी हरली, की चांगला संघसुद्धा खालच्या तिघांत सापडतो. हंगाम जितका लहान, तितके घसरणारे संघ कमी हवेत.

इंग्लंडच्या काउंटी चॅम्पियनशिपचं उदाहरण बघा. २००० साली १८ काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांच्या, नऊ-नऊच्या दोन डिव्हिजन झाल्या आणि सुरुवातीला तीन वर, तीन खाली असा नियम होता. म्हणजे दर वर्षी एक तृतीयांश डिव्हिजन बदलायची. २००६ पासून हा आकडा दोनवर आणला गेला. तुमच्या दहांसाठीही दोनच ठेवा. मधल्या संघांना चुरस राहणार नाही अशी भीती असेल, तर वरच्या डिव्हिजनमधला आठवा आणि खालच्या डिव्हिजनमधला तिसरा यांच्यात एक प्ले-ऑफ घ्या. तो तटस्थ मैदानावर, तटस्थ पंचांसमोर आणि राखीव दिवस ठेवून व्हावा. तरीही पावसाने निकाल लागला नाही तर वरचा संघ जागा राखेल, हे आत्ताच लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली विभागणी मागच्या हंगामाच्या क्रमवारीवरून करू नका. तेव्हा सहाव्या आणि चौदाव्या क्रमांकात काही फरक पडेल हे कुणाला ठाऊकच नव्हतं. अर्ध्या संघांनी शेवटचे सामने नव्या मुलांना संधी द्यायला वापरले असतील. ज्या हंगामावरून विभागणी ठरणार, त्या हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधी ते सगळ्या क्लबांना कळलं पाहिजे.

प्रश्न : आमचे १४ पैकी फक्त एक सामना पावसाने रद्द झाला, प्रतिस्पर्ध्यांचे पाच. दोघांचे २२ गुण झाले आणि नेट रनरेटवर (आपली षटकामागची धावगती वजा प्रतिस्पर्ध्यांची) आम्ही खाली आलो. आम्ही पाच सामने जिंकलो, त्यांनी तीन. हा न्याय आहे का?

नियमाप्रमाणे निर्णय बरोबर आहे, पण नियम कच्चा आहे. तुम्ही पाठवलेल्या तालिकेत विजयाला ४ गुण, रद्द सामन्याला दोघांना २-२ आणि पराभवाला शून्य. त्यांचे ९ सामने पूर्ण झाले, ३ जिंकले : १२ गुण, अधिक पाच रद्द सामन्यांचे १०. तुमचे १३ पूर्ण झाले, ५ जिंकले : २० गुण, अधिक एका रद्द सामन्याचे २. बेरीज दोघांची २२.

आता पूर्ण झालेल्या सामन्यांची सरासरी काढा. त्यांची सामन्यामागे १.३३, तुमची १.५४. म्हणजे पाऊस पडला की त्यांना दर वेळी खेळून मिळाले असते त्यापेक्षा जास्त गुण मिळत होते. वरच्या टोकाला याचं नेमकं उलटं होतं. १२ पैकी ९ सामने जिंकणाऱ्या संघाची सरासरी ३ आहे. त्याच्यासाठी रद्द सामना म्हणजे एका गुणाचं नुकसान. 'दोघांना सारखे गुण' हा नियम वरच्याला खाली ओढतो आणि खालच्याला वर उचलतो. बढती आणि घसरण ठरते ती नेमकी याच दोन टोकांना, म्हणून इथे डोळेझाक चालत नाही.

उपाय सरासरीचा. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत करोनामुळे मालिका अडकल्या, तेव्हा आयसीसीने नोव्हेंबर २०२० मध्ये एकूण गुणांऐवजी मिळवलेल्या गुणांच्या टक्केवारीवर क्रमवारी लावायला सुरुवात केली. विचार तोच आहे : जे खेळलात त्यातलं किती मिळवलंत. क्लब लीगमध्ये त्याला दोन कुंपणं घाला. एक, किमान निम्मे सामने पूर्ण झाले तरच संघ बढतीला पात्र. दोन, मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे फक्त पंच ठरवतील. क्रिकेटचे नियमही तेच सांगतात. पण क्लब सामन्यांत दोन कर्णधार कव्हरजवळ उभे राहून आपसात ठरवताना मी अनेकदा पाहिले आहेत. सरासरीचा नियम आला की चांगल्या सरासरीच्या संघाला ओली खेळपट्टी गोड वाटू लागते, म्हणून हे दुसरं कुंपण फार जपा.

निकालासाठी दुसऱ्या डावात किमान किती षटकं हवीत, हेही लिहा. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात ती २० आहेत, टी-२०मध्ये ५. तुमच्या ४० षटकांच्या सामन्यासाठी १५ ठेवलीत तरी चालेल. रद्द सामन्यांची संख्या बरीच कमी होईल.

प्रश्न : आम्ही २४ षटकांत ११८ धावांवर सर्वबाद झालो. प्रतिस्पर्ध्यांनी २० षटकांत ११९ केल्या. रनरेट काढताना आमची ४० षटकं धरली. खेळलो २४, मग ४० का?

कारण ४० षटकं तुमच्या हक्काची होती आणि ती न वापरता तुम्ही बाद झालात. ११८ भागिले ४० म्हणजे २.९५. त्यांची ११९ भागिले २०, म्हणजे ५.९५. त्या दिवसाचा फरक उणे ३. खेळलेली २४ षटकं धरली असती तर तुमची धावगती ४.९२ दिसली असती, आणि आडवेतिडवे फटके मारून लवकर बाद होणाऱ्या संघाला ३८ षटकं तग धरणाऱ्यापेक्षा बरं स्थान मिळालं असतं. हंगामाचा रनरेट काढताना मात्र रोजच्या फरकांची सरासरी घ्यायची नसते. सगळ्या धावा आणि सगळी षटकं आधी एकत्र करायची, मग भागायचं.

एक चूक मी स्वतः पकडली आहे. हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी दोन संघ बरोबरीत होते. तक्ता तपासताना १६.४ षटकं दिसली आणि भागाकारात १६.४ हाच आकडा जसाच्या तसा घातलेला. १६ षटकं ४ चेंडू म्हणजे १६.६७. हंगामभर तसंच झालं होतं. दुरुस्त केल्यावर क्रम उलटला. ज्या मुलांनी तासभर आधी बढतीचा जल्लोष केला होता, त्यांना ते जाऊन सांगावं लागलं. तेव्हापासून मी षटकं चेंडूंतच लिहायला सांगतो : १०० चेंडू, वाद नाही.

आणि बरोबरी सोडवायला रनरेट पहिला नको. आधी जास्त विजय, मग आपसातल्या सामन्याचा निकाल, त्यानंतर रनरेट.

प्रश्न : आमचा 'ब' संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरा आला. पण 'अ' संघ पहिल्या डिव्हिजनमधून घसरला. आता 'ब' संघाला बढती नाहीच, उलट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जा म्हणतात.

खूप वाईट वाटलं वाचून, कारण त्या मुलांनी काहीच चुकीचं केलेलं नाही. बहुतेक नियमावल्यांत एका क्लबचे दोन संघ एका डिव्हिजनमध्ये चालत नाहीत आणि 'ब' संघ 'अ'च्या वर जात नाही. कारणही खरं आहे : आपसातला सामना कुणाच्या सोयीने लागेल ही शंका कायम राहते आणि खेळाडू इकडून तिकडे फिरवता येतात.

तरीही खालच्या डिव्हिजनमध्ये मी दोन संघांना परवानगी देईन. त्यांचे आपसातले सामने हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत उरकून घ्या, तेव्हा तालिकेचं दडपण नसतं. 'अ' संघाच्या सात-आठ मुख्य खेळाडूंची नावं तारांकित करा. त्यांनी 'ब'कडून खेळायचं नाही. शेवटच्या तीन सामन्यांत त्या संघाकडून आधी किमान चार सामने खेळलेलेच खेळाडू उतरवा. वार्षिक सभेत ही दुरुस्ती मांडा. यंदा उपयोग होणार नाही, पण पुढच्या कुठल्यातरी 'ब' संघावर ही वेळ येणार नाही.

प्रश्न : तळाच्या संघाने शेवटच्या दोन सामन्यांत न खेळताच पुढे चाल दिली आणि आमच्या प्रतिस्पर्ध्यांना आयते गुण मिळाले.

पुढे चाल देणाऱ्याचे गुण कापा, आणि दुसऱ्यांदा दिली तर घसरण निश्चित करा. ज्याला चाल मिळाली त्याला विजयाचे गुण द्या, पण रनरेटमध्ये तो सामना धरू नका. संघाने मध्येच माघार घेतली तर निम्म्याहून कमी सामने झाले असल्यास त्याचे सगळे निकाल पुसा. जास्त झाले असल्यास ठेवा.

प्रश्न : आमचा जुना क्लब यंदा खाली आला. दोन चांगली मुलं सोडून चालली आहेत. घसरण हवीच कशाला?

घसरणीशिवाय लीग चालते, हे मान्य. इंग्लंडमधली लँकेशायर लीग १८९२ मध्ये सुरू झाली आणि कित्येक दशकं तेच १४ क्लब एकमेकांशी खेळत राहिले. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन क्लबकडून १९२९ ते १९३७ खेळला तो याच बंदिस्त लीगमध्ये. पण तिथे क्लब एकमेकांच्या तोडीचे होते. दुसरीकडे मुंबईची कांगा लीग, १९४८ पासूनची, भर पावसाळ्यात खेळली जाणारी, अनेक डिव्हिजनची आणि वर-खाली होणारी. इतके संघ असतील तर बढती-घसरणीशिवाय तोडीस तोड सामने जुळवता येत नाहीत.

तुमच्या पत्रातच आहे की यंदा सहा सामने तुम्ही शंभराहून जास्त धावांनी हरलात. त्या सहा दिवशी तुमच्या १६-१७ वर्षांच्या मुलांच्या वाट्याला किती चेंडू आले असतील? खालच्या डिव्हिजनमध्ये त्यांना चौथ्या-पाचव्या क्रमांकावर फलंदाजी द्या, पूर्ण स्पेल टाकू द्या. जाणाऱ्या दोघांना अडवू नका. नोंदणीची मुदत संपण्याआधी त्यांचं ना-हरकत पत्र हसतमुखाने द्या आणि सरावाला येत राहा म्हणून सांगा. पुढच्या महिन्यात निवड होईल, तेव्हा कर्णधारपद त्या पोरांपैकी एकाला द्यायचा विचार जरूर करा.