वाचकांचे प्रश्न : पाठीवर दात असलेले पतंग

मृग लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पतंगांची पत्रे वाढतात. वीतभर पंखांचा ॲटलास आणि फिकट हिरवा मून मॉथ यांच्याविषयी विचारणा अधिक असते. या वेळी मात्र मी बहुतांशी एकाच कुळाची पत्रे निवडली आहेत. शास्त्रात या कुळाला नोटोडोन्टिडी म्हणतात आणि पतंगांचे अभ्यासक त्यांना बोलीत ‘प्रॉमिनंट’ म्हणतात. जगभरात या कुळाच्या सुमारे ३,८०० जाती आहेत, पण त्यांचे रंग करडे-तपकिरी असल्यामुळे दिव्याखाली बसलेला प्रॉमिनंट पाहूनही आपण पुढे निघून जातो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या व्हरांड्यात रात्रभर दिवा असतो. पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर एका सकाळी खांबाला मोडकी काटकी चिकटलेली दिसली. हात लावला तेव्हा ती थरथरू लागली आणि तो पतंग आहे हे कळले. अंगाभोवती पंख गुंडाळलेले होते आणि टोकाला फिकट पिवळा ठिपका होता. हा कोणता पतंग असावा? (शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : आपले वर्णन फॅलेरा या वंशाशी जुळते. या वंशातल्या पतंगांच्या पुढच्या पंखांच्या टोकाशी फिकट पिवळसर ठिपका असतो. पंख अंगाभोवती गुंडाळले गेले की दोन्ही ठिपके शेजारी येतात आणि नुकत्याच मोडलेल्या फांदीचे आतले लाकूड उघडे पडल्याचा भास होतो. उरलेला पंख सालीच्या रंगाचा असतो. भारतात या वंशाच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या काही एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की केवळ वर्णनावरून जातीचे नाव सांगणे मला योग्य वाटत नाही. आपल्या वहीत ‘फॅलेरा, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. ती नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे.

आपल्याला जाणवलेली थरथर ही उड्डाणाची तयारी होती. जाड अंगाच्या पतंगांना थंड स्नायूंच्या बळावर उडता येत नाही, म्हणून ते आधी छातीतले स्नायू वेगाने कंपित करून अंग तापवून घेतात. पुढच्या वेळी हात न लावता दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन बाजूने पाहावे. या कुळातल्या पुष्कळ जातींत पुढच्या पंखाच्या मागच्या कडेवर खवल्यांचा एक झुपका असतो. पंख घराच्या छपरासारखे मिटले की दोन्ही बाजूंचे झुपके पाठीच्या मधोमध एकत्र येतात आणि तिथे एक टोकदार उंचवटा उभा राहतो. प्रॉमिनंट हे नाव त्या उंचवट्यावरून पडले, आणि नोटोडोन्टिडी या नावातही तोच आहे : ग्रीक भाषेत ‘नोटोन’ म्हणजे पाठ आणि ‘ओदोन’ म्हणजे दात. हा दात सगळ्या जातींत सारखाच ठळक असतो असे नाही, पण एकदा नीट पाहिला की नंतर तो दुरूनही ओळखू येतो. त्याच्या जोडीला, पुढे लांब पसरलेले दाट केसाळ पायही पाहावेत. या कुळातले पतंग पुष्कळदा तसेच बसतात.

प्रश्न : मी मोबाइलवर पतंगांचे फोटो काढून ओळखीच्या ॲपवर टाकतो. ससाणा पतंग लगेच ओळखला जातो, पण करड्या पतंगांना प्रत्येक वेळी वेगळे नाव मिळते. फोटोवरून ओळख होऊच शकत नाही का? (पुणे)

उत्तर : होऊ शकते, पण एका फोटोवर ती होणे कठीण आहे. आपण सगळेच पतंगाचा फोटो वरून काढतो, कारण तसा तो सुंदर दिसतो. प्रॉमिनंटच्या बाबतीत मात्र ओळखीचा निम्मा मजकूर बाजूला आणि खाली असतो. वरून एक, भिंतीच्या पातळीवर डोळा ठेवून बाजूने एक, आणि डोक्याचा जवळून एक असे किमान तीन फोटो काढावेत, आणि एका फोटोत मोजपट्टी असावी. डोक्याच्या फोटोत स्पर्शिका स्पष्ट यायला हव्यात, कारण पुष्कळ जातींत नराच्या स्पर्शिका कंगव्यासारख्या दाते असलेल्या आणि मादीच्या साध्या असतात. एकाच जातीचे नर-मादी निरनिराळ्या जातींचे समजले जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. दुसरे कारण पतंगाच्या वयाचे आहे. पंखांचा रंग हा खवल्यांचा रंग असतो आणि चार रात्री झाडाझुडपांतून फिरलेल्या पतंगाचे खवले झडलेले असतात, त्यामुळे कोषातून नुकताच निघालेला पतंग आणि तोच पतंग आठवड्यानंतर हे दोन निराळे जीव भासतात.

प्रॉमिनंटची सर्वांत जास्त गल्लत नॉक्टुइडी या पतंगांच्या दुसऱ्या कुळाशी होते. कापसावरची अमेरिकन बोंडअळी ज्याची अळी आहे तो पतंग त्याच कुळातला, त्यामुळे आपल्या शेतकऱ्यांना ते चांगले परिचित आहे. दोन्ही कुळांत छातीच्या मागच्या भागात कान असतात आणि त्यांनी हे पतंग वटवाघळांचे आवाज ऐकतात. नॉक्टुइडच्या कानात दोन श्रवणपेशी असतात आणि प्रॉमिनंटच्या कानात एकच. प्रॉमिनंटच्या कानाचा पडदाही खालच्या दिशेने वळलेला असतो. पंखांच्या शिरांची मांडणीही वेगळी असते. या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, आणि जवळच्या जातींत तर शेवटी पोटाच्या टोकाचे जननावयव वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिशकालीन भारतातील पतंगांवरचा आपला पहिला खंड १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या कुळाच्या भारतीय जातींची वर्णने आहेत आणि ती आजही उघडावी लागतात, मात्र त्यांतली कित्येक नावे नंतर बदललेली आहेत हे ध्यानात ठेवूनच. ॲपने दिलेले नाव पहिला अंदाज म्हणून घ्यावे आणि वंशापर्यंत खात्री झाली की तिथे थांबण्यात संकोच करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे थवे बसतात आणि त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते. तेही याच कुळातले का? (सातारा)

उत्तर : नाहीत. शेवग्यावर थव्याने बसणारे हे सुरवंट बहुधा युप्टेरोटी मोलिफेरा या पतंगाचे असतात आणि त्याचे कूळ युप्टेरोटिडी आहे. युरोपात ओकच्या झाडांवर रांगेने चालणारे, अशाच त्रासदायक केसांचे सुरवंट मात्र प्रॉमिनंटच्या कुळात मोडतात. केस अंगात रुतले असतील तर त्वचा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, म्हणजे केस तिच्याबरोबर येतात, आणि मग साबणाने धुवावे.

प्रश्न : आमच्या चिंचेवर एक विचित्र अळी सापडली. पुढचे पाय कोळ्यासारखे लांब, शेपटीकडचा भाग फुगीर आणि वर उचललेला. घरातल्यांना ती विंचू वाटली. ती विषारी आहे का, आणि ती पाळता येईल का? (मिरज)

उत्तर : हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. ही स्टॉरोपस वंशातल्या पतंगाची अळी असावी. या वंशातला स्टॉरोपस अल्टर्नस भारत आणि श्रीलंकेपासून पूर्वेकडे तैवानपर्यंत आढळतो आणि त्याची अळी चिंच, तूर, चहा अशा निरनिराळ्या झाडांवर वाढते. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी लांब पायांमुळे मुंगीसारखी दिसते आणि छेडल्यास मुंगीसारखीच तडफडते. मोठी झाली की ती डोके मागे टाकून, लांब पाय छातीशी दुमडून आणि शेपूट वर करून बसते, तेव्हा ती खेकडा किंवा विंचू वाटते. तिला नांगी नाही आणि ती दंश करत नाही. फुगीर शेवटाला जे दोन बारीक धागे दिसतात, ते इतर अळ्यांत पकड घेणाऱ्या मागच्या पायांचे रूपांतर आहे.

पाळणे शक्य आहे, आणि माझ्या मते प्रॉमिनंट शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही, कारण या कुळात पतंग एकमेकांसारखे असले तरी अळ्यांचे आकार ठळकपणे निराळे असतात. मोठ्या तोंडाची काचेची बरणी घ्यावी, तोंडाला मलमलीचे कापड बांधावे आणि ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची ताजी डहाळी रोज द्यावी. झाड बदलू नये. तळाला कागद पसरून लेंड्या रोज काढाव्यात, कारण दमट लेंड्यांवर बुरशी येते आणि अळ्या बहुधा त्यानेच दगावतात. बरणी उन्हात ठेवू नये. अळीने खाणे सोडले आणि ती अस्वस्थ फिरू लागली, तर ती कोषासाठी जागा शोधते आहे असे समजून बरणीत भरपूर पाने आणि कोरडा पालापाचोळा ठेवावा. प्रत्येक टप्प्याची तारीख लिहावी. कधी कोषातून पतंगाऐवजी एखादी माशी किंवा गांधीलमाशीच्या गोतातला बारीक कीटक बाहेर पडतो. तो अळीच्या अंगात वाढलेला परजीवी असतो. तेव्हा निराश होऊ नये. त्याचाही फोटो आणि तारीख ठेवावी, कारण कोणत्या पतंगावर कोणता परजीवी वाढतो याच्या नोंदी अशाच बरण्यांतून मिळतात. पतंग निघाला तर पंख सुकेपर्यंत थांबून, फोटो काढून, रात्री त्याच चिंचेवर सोडावा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. बागेतल्या विलोच्या झाडावर हिरवी, पाठीवर जांभळट खोगीर असलेली आणि दोन शेपट्यांची अळी मुलीला सापडली. तिला हात लावू द्यावा का? (मँचेस्टर)

उत्तर : ही सेरुरा विनुला असणार, म्हणजे तिकडचा पुस मॉथ. घाबरवले की ती डोके आत ओढून लाल कडांचा मोठा ‘चेहरा’ पुढे करते आणि दोन्ही शेपट्यांतून लाल धागे बाहेर काढून हलवते. फारच त्रास दिला तर छातीखालच्या ग्रंथीतून फॉर्मिक आम्ल फवारते, म्हणून चेहरा जवळ नेऊ नये आणि हाताने उचलू नये. मुलीला तिच्याकडे रोज पाहत राहायला सांगावे, कारण पुढचा टप्पा अधिक अद्भुत आहे. अळी सालीचे तुकडे रेशमात मिसळून झाडालाच इतका कठीण कोष चिकटवते, की नखानेही तो निघत नाही. वसंतानंतर आतला पतंग अल्कधर्मी द्रव सोडून त्याची भिंत मऊ करतो आणि बाहेर येतो. भारतातही याच वंशाचा सेरुरा लिट्युराटा आढळतो, त्यामुळे सुटीत इकडे आल्यावर मुलीला या पतंगाचे नातलग पाहण्याची संधी आहे.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला पतंगांचा संग्रह करायचा आहे. तो पतंग मारणार हे मला पटत नाही, पण त्याची आवडही मोडायची नाही. काय करावे? (नाशिक)

उत्तर : आपला संकोच योग्य आहे आणि मुलाची आवडही योग्य आहे. संग्रहाविना पतंगांचे शास्त्र उभेच राहिले नसते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आणि झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून नमुने सांभाळत आले आहेत, ते याच कारणाने. पण त्या नमुन्यांचे मोल त्यांच्याखालच्या चिठ्ठीत असते. मी स्वतः शाळकरी वयात एक पेटी भरली होती. त्यात एक प्रॉमिनंट होता, पाठीवरचा दात शाबूत असलेला. तो कुठे आणि कधी मिळाला हे मी लिहिले नाही आणि आज मला आठवत नाही, म्हणून त्या पतंगाचा कोणालाही उपयोग नाही. पुढे एका पावसाळ्यात पेटीत कातडे कुरतडणारे बारीक भुंगेरे शिरले आणि टाचणीभोवती फक्त तपकिरी भुकटी उरली. तो जीव मी विनाकारण घेतला याची खंत मला अजून आहे.

म्हणून मुलाने सुरुवात मेलेल्या पतंगांपासून करावी. जिने, पेट्रोल पंप, रेल्वेचे फलाट, महामार्गावरची हॉटेले, जिथे जिथे रात्रभर दिवे जळतात तिथे सकाळी झाडलोट होण्याआधी पाहिल्यास दोन पावसाळ्यांत पेटी भरते. सुकून कडक झालेला पतंग बंद डब्यात ओल्या फडक्याशेजारी, फडक्याला न टेकवता, एक-दोन दिवस ठेवला की सांधे सैल होतात. मग गंज न चढणारी कीटकांची टाचणी छातीच्या मधून सरळ खाली घालावी, पंख कागदाच्या पट्ट्यांखाली पसरून दोन आठवडे सुकू द्यावेत आणि पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात येईल असे पाहावे. प्रॉमिनंटच्या बाबतीत एक पतंग पंख मिटलेल्या स्थितीतच ठेवावा, नाहीतर ज्यावरून त्याचे नाव पडले तो उंचवटाच हरवतो. कोकण-घाटमाथ्याच्या दमट हवेत पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. मारण्याची रसायने तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नयेत.

कायद्याची बाजूही त्याला आताच सांगावी. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय मेलेला पतंगही उचलता येत नाही. बाहेरही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींतल्या जातींना हात लावता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने त्या अनुसूचींची फेरमांडणी झाली आहे, म्हणून जुन्या पुस्तकातली यादी प्रमाण मानू नये.

जिवंत पतंग पाहण्यासाठी अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली, उबदार दमट रात्र निवडावी. गच्चीवर पांढरी चादर ताणून तिच्यासमोर अतिनील प्रकाशाचा दिवा लावावा आणि त्याकडे एकटक पाहू नये. पुष्कळ प्रॉमिनंट मध्यरात्रीनंतर येतात, तेव्हा दहा वाजता निराश होऊन दिवा बंद करू नये. पहाटे मात्र उजाडण्याआधी तो बंद करावा आणि चादरीवरचे पतंग हलकेच झुडपांत सोडावेत, कारण दयाळ आणि बुलबुल ही चादर दोन दिवसांत ओळखतात आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच तिच्यावर येऊन बसतात.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार आणि मुलाचे स्वतःचे नाव असावे. ती न पुसल्या जाणाऱ्या काळ्या शाईने लिहावी आणि पतंगाच्या खाली त्याच टाचणीत ओवावी.