शंभर चवल्यांचे साडेबारा रुपये

प्रश्न : आमचं दांडिया बाजारात लग्नाचे फोटो-व्हिडिओ करायचं काम आहे. आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन होता, पण फाईल उतरवताना स्पीड ११ च्या वर कधी गेला नाही. वाटलं प्लॅन कमी पडतोय, म्हणून ३०० चा घेतला, पैसे जास्त जातात आणि स्पीड ११ चाच. परवा तर घरातल्याच एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर लग्नाचा ३२ जीबीचा डेटा कॉपी केला तेव्हाही विंडोज ११.३ दाखवत होतं. कंपनी फसवतेय का? तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : तक्रार आत्ता करू नका. तुम्ही ते ११.३ लिहिलंत ना, तिथेच मला उत्तर मिळालं, पण आधी हिशोब बघू या.

प्लॅनच्या Mbps मधला बी लहान असतो, म्हणजे बिट. कॉपीच्या खिडकीतल्या MB/s मधला बी मोठा असतो, म्हणजे बाइट, आणि ८ बिटांचा १ बाइट. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर चवली आठवत असेल, दोन आण्यांची, आठ चवल्यांचा एक रुपया व्हायचा. कंपनी चवल्या मोजते आणि तुमचा कॉम्प्युटर रुपये मोजतो, एवढंच आहे हे. १०० चवल्यांचे साडेबारा रुपये, तसं १०० मेगाबिटचे १२.५ मेगाबाइट. यात कोणी लबाडी करत नाही, तारेतून बिट एकामागून एक जातात म्हणून नेटवाले पहिल्यापासून बिटच मोजत आलेत, आणि फाईल बाइटमध्ये साठते म्हणून डिस्कवाले बाइट.

मग १२.५ का नाही दिसत, ११.३ का? त्याचं असं की फाईल छोट्या छोट्या पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे असतो, तारेवरच्या दर १५३८ बाइटांत तुमच्या फाईलचे १४६०. म्हणजे १२.५ चे झाले ११.८७. त्यात विंडोजचा मेगाबाइट दहा लाखांचा नाही, १०२४ गुणिले १०२४ म्हणजे १०,४८,५७६ बाइटांचा. आपल्या आजोबांचा मण चाळीस शेरांचा आणि इथल्या मार्केट यार्डातला मण २० किलोचा, नाव एकच पण वजन वेगळं, तसंच हे. (या मोठ्या मापाला १९९८ मध्ये मेबिबाइट असं वेगळं नावही दिलंय पण दुकानात कोणी म्हणत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते तीसुद्धा यामुळेच.) ११.८७ ला १.०४८५७६ ने भागा, ११.३ येतं.

म्हणजे ११.३ हा १०० मेगाबिटच्या लाइनचा कमाल आकडा झाला, आणि तुम्हाला तो घरातल्या घरात कॉपी करतानाही मिळतोय, जिथे कंपनीचा काही संबंधच नाही! अडकतंय ते तुमच्या घरातच, बहुतेक लॅन केबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर राउटरला जोडणाऱ्या तारेत.

त्या केबलीत ८ तारा असतात, ४ जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, साधारणपणे नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही. माझ्या कारेलीबागेतल्या घरी दिवाळीआधी रंगकाम झालं तेव्हा कपाटाचा पाय केबलवर आला होता, मी दोन महिने राउटरला दोष देत बसलो, शेवटी केबलच्या टोकाचा कनेक्टर कापून बघितला तर तपकिरी तार आतून तुटलेली. फार वाईट वाटलं, कारण तेवढ्यात मी नवीन राउटर घेऊन बसलो होतो, तुमचं तसं होऊ नये म्हणून इतकं लांबण लावतोय.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा, तिथे लिंक स्पीड दिसेल. दोन्ही कॉम्प्युटरवर बघा. ज्याच्यावर १००/१०० असेल त्याची केबल बदला किंवा दोन्ही टोकांना नवीन कनेक्टर क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्या, मग तिथे १०००/१००० यायला हवं. मग ३०० च्या प्लॅनवर फाईल उतरवताना ३४ च्या आसपास दिसेल, म्हणजे ३२ जीबीचा डेटा नेटवरून उतरवायला आत्ता पाऊण तास लागत असेल तर तो पंधरा-सोळा मिनिटांत. ३०० दिसायची वाट बघू नका, ते चवल्यांमधले आहेत. समोरचा सर्व्हरच हळू असेल तर ३४ सुद्धा दिसणार नाही, ते वेगळं.

केबल बदलूनही १००/१०० च राहिलं तर राउटरची पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची जागा, बघा. स्वस्त राउटरना पुष्कळदा पोर्टच १०० च्या असतात, खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि तसं निघालं तर राउटर बदलेपर्यंत परत १०० च्या प्लॅनवर या, उगाच दर महिन्याला जास्तीचे पैसे कशाला भरायचे.