बायबलमधली मज्जा नक्की कुठली?

प्रश्न असा आलाय की इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (4:12) देवाचं वचन दुधारी तलवारीपेक्षा तीक्ष्ण आहे, ते जीव आणि आत्मा, सांधे आणि मज्जा यांना वेगळं करत आरपार जातं असं म्हटलंय, तर ही मज्जा म्हणजे काय आणि आपल्या 'मज्जा आली'शी तिचं काही नातं आहे का.

नातं नाही. आपली मजा फारसीतून आली, मूळ अर्थ चव, आपण जोर देऊन बोलताना ज ला ज जोडतो एवढंच. बायबलमधली मज्जा संस्कृतातली, आयुर्वेदाच्या सात धातूंमधला सहावा धातू. रविवारी मटणाची नळी ताटावर आपटली की आतून जो मऊ, तुपकट, चकाकणारा गर सुटून येतो ना, तीच ही.

हा शब्दशः अर्थ ईयोबाच्या पुस्तकात स्वच्छ दिसतो (21:24). खूप दुःख सोसलेला ईयोब म्हणतो, एक माणूस धडधाकट असताना, हाडांतली मज्जा ओली असतानाच मरतो, दुसरा कडवट मनाने, सुख न चाखता मरतो, आणि शेवटी दोघंही मातीतच. इथे मूळ हिब्रूत शब्द आहे मोअख, आणि माझ्या मते सगळी किल्ली त्या 'ओली'मधे आहे, कारण बायबलमधे हाडं ओली म्हणजे माणूस जिवंत, ताजा, समाधानी आणि हाडं सुकली म्हणजे आशा संपली. नीतिसूत्रांत खचलेलं मन हाडं सुकवतं (17:22), यहेज्केल या संदेष्ट्याला दिसलेलं खोरं सुकलेल्या हाडांनी भरलेलं असतं (37). आपणही नात्यात ओलावा राहिला नाही म्हणतोच की, तसंच हे.

आता गंमत म्हणजे भाषांतरात जिथे जिथे मज्जा दिसते तिथे मूळात मज्जा असतेच असं नाही. नीतिसूत्रे 3:8 मधे 1611 च्या इंग्रजी बायबलने 'हाडांना मज्जा' केलंय, पण हिब्रूत शिक्कुय आहे, पाणी पाजणे या धातूवरून आलेला, म्हणजे हाडांना ओल मिळेल. स्तोत्र 63:5 मधेही त्याच इंग्रजीत मज्जा आहे, हिब्रूत मात्र हेलेव, म्हणजे चरबी. आणि ही चरबी साधी नाही, लेवीयाच्या नियमात (3:16-17) यज्ञपशूची सगळी चरबी देवाची, माणसाने ती खायचीच नाही. हे स्तोत्र यहूदाच्या रानातलं, जमीन सुकलेली, पाणी नाही, आणि तिथे गाणारा म्हणतो की माझा जीव जणू चरबीने तृप्त होईल! मला ही ओळ फार आवडते, नुसतं 'मज्जेने' वाचलं की तिचा अर्धा जोर जातो.

मग तलवारीच्या ओळीत काय? ते पत्र मूळ ग्रीकमधलं, तिथे शब्द आहे म्युएलॉस, डॉक्टर मज्जेतल्या एका कर्करोगाला मायलोमा म्हणतात त्यातला. काहीजण विचारतात की सांधा आणि मज्जा एकमेकांना चिकटून नसतातच, मग तलवार त्यांना वेगळं कसं करणार, पण लेखक शरीरशास्त्र शिकवत नाहीये. मज्जा हाडाच्या आत बंद असते, बाहेरून दिसत नाही, म्हणून ती माणसाच्या सगळ्यात आतल्या भागाची खूण झाली. लगेच पुढच्या ओळीत (4:13) म्हटलंच आहे की देवाच्या नजरेपुढे सगळं उघडं आहे. आपण 'हाडाचा शिक्षक' म्हणतो ना, म्हणजे आतून बाहेरून शिक्षक, त्या हाडाच्याही आत जा, तिथे ही मज्जा.

अजून एक, मोअखचा अर्थ पुढच्या काळातल्या हिब्रूत मेंदू असा झाला. आणि आपला मगज, जो फारसीतून आला आणि मेंदूलाही चालतो आणि कलिंगडाच्या बीच्या गरालाही, तो मुळात संस्कृत मज्जेचाच इराणकडचा भाऊ आहे, म्हणजे कवटीतलं काय आणि नळीतलं काय, टणक कवचाच्या आतला मऊ गर म्हणून दोन्हीकडे लोकांनी एकच शब्द वापरला.